शटलमधली तोंडी परीक्षा

गेल्या आठवड्यात दौंडला एका कार्यशाळेला गेले होते. विषय होता, महाविद्यालयातला अभ्यासक्रम परिणामकारक कसा आखावा. सकाळपासून पडद्यावर बाण, चौकोन आणि गोल यांची नुसती रेलचेल चालली होती. उद्दिष्टं आधी की आशय आधी, मूल्यमापन कुठे बसवायचं, यावर बाहेरून आलेले एक गृहस्थ फार गोड आवाजात बोलत होते. खोटं काही नव्हतं त्यात, उलट बरंचसं खरंच होतं. पण जेवणानंतर डोळ्यांवर झापड यायला लागली, तशी मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठले आणि मागच्या दाराने सटकले. कॉलेज माझंच, मी इथेच शिकलेली, त्यामुळे मागचं दार कुठे आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

भूगोल विभागाच्या पाठीमागे कडुनिंब अजून आहे. आणि त्याच्या बुंध्याशी, अर्धी मातीत रुतलेली, पालथी पडलेली आमची काहील! काहील म्हणजे गुऱ्हाळावर उसाचा रस आटवायची लोखंडी कढई. घरातली कढई डोळ्यांसमोर आणू नका, ही एवढी ऐसपैस असते की आत चार माणसं मांडी घालून पत्ते खेळतील. तिच्या पाठीवर कुणीतरी फळा पुसायची फडकी धुऊन वाळत टाकली होती. मी एक फडकं बाजूला केलं, वाकले आणि लोखंडाला नाक लावून हुंगलं. गुळाचा वास आता राहिलेला नाही, नुसता गंज. तिकडून एक शिपाई येत होता. भर दुपारी एक प्राध्यापिका गंजक्या काहिलीचा वास घेते आहे हे बघून त्याने चालायचा वेग वाढवला.

मग कसली कार्यशाळा! उरलेला वेळ मी हॉलमध्ये नुसती अंगाने बसले होते. संध्याकाळी डेमू लोकलमध्ये खिडकीची जागा मिळाली, गाडी हलली आणि मला तांबोळी सरांचं ते वर्ष सलग आठवायला लागलं.

मी वडगाव रासाईची. भीमेच्या काठचं गाव, तालुका शिरूर, पण आम्हाला दौंडचं कॉलेज सोयीचं, कारण पूल ओलांडून जीपने केडगाव स्टेशन गाठलं की पुढे शटल होती. तेव्हा डेमू नव्हती. डिझेलचं इंजिन आणि त्याच्यामागे खडखडणारे डबे, त्याला आम्ही शटल म्हणायचो. डब्यात दुधाच्या कॅनचा आंबूस वास, भेळवाल्याच्या कांद्याचा वास, आणि कुरकुंभच्या कारखान्यांतून रात्रपाळी करून परतणाऱ्यांच्या कपड्यांना येणारा एक झणझणीत, नाकात बसणारा वास. हे तिन्ही वास एकत्र आले की मला आजही वाटतं, आपला तास चुकला.

घरात माझं तोंड असं चालायचं की आमचे आबा, म्हणजे माझे वडील, हात जोडायचे. लहानपणी मी गोठ्यातल्या म्हशींना पाढे शिकवले आहेत. मोठं झाल्यावर शिक्षिका व्हायचं हे माझं तेव्हापासून पक्कं होतं. पण चार परकी माणसं समोर आली की माझी दातखीळ बसायची. पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नाव विचारलं, तर मला माझं नाव सांगता येईना. घरी हे कळल्यावर आबा हसून म्हणाले, "मास्तरीण व्हायचंय म्हनती. आगं, म्हशींची शाळा अजून निघाली न्हाई कुटं!" ते चेष्टेत म्हणाले, पण मला ते फार लागलं.

अशी मी दुसऱ्या वर्षाला आले आणि भूगोलाला तांबोळी सर आले. सर दौंडचेच. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपासून गावात. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम एक छोटी बडीशेपेची डबी. पहिल्या तासाला हातात पुस्तक नाही, हजेरीपट नाही. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'शेवटचा दिवस'.

आमच्यात संपत म्हणून एक होता, पाटसचा. कुरकुंभला कंपनीत पाळीवर जायचा आणि जमेल तसा वर्गात यायचा. तो म्हणाला, "सर, सुरुवात तर हू द्या."

"आरं बाबा," सर म्हणाले, "जायचं कुठं ते ठरल्याबिगर खिडकीवर तिकीट कुठलं मागशील?"

आणि मग त्यांनी वर्षाच्या शेवटी काय होणार ते सांगितलं. अंतर्गत गुणांची परीक्षा वर्गात नाही, शटलमध्ये. प्रत्येकाने आपल्या वाटेवरची जमीन, खिडकीतून दिसेल तशी, डब्यातल्या एका अनोळखी माणसाला समजावून सांगायची. दगड, माती, पाणी, पीक, सगळं. सर दाराशी उभे राहणार, मधे एक शब्द बोलणार नाहीत. "आन् पास कवा? समोरच्यानं आपणहून एक प्रश्न विचारला, की पास. जांभई दिली, की पुन्यांदा शटल."

वर्गात एकच गिल्ला झाला. शटलमध्ये! जिथे आमच्या गावची निम्मी माणसं बसलेली असतात! त्या दिवशी घरी जाताना मी मनाशी ठरवून टाकलं, या परीक्षेत तोंड उघडलं तर शिक्षिका होण्याचं नाव काढायचं, नाहीतर तो विषय कायमचा मिटवून टाकायचा. कुणाला सांगितलं नाही, पण वर्षभर हे ओझं माझ्यासोबत ये-जा करत होतं.

त्याच पहिल्या तासाला सरांनी एकेकाला उभं करून नावाऐवजी भलतंच काही विचारलं. किती वाजता उठतोस? कशानं येतोस? यायच्या आधी कुठलं काम करून येतीस? आम्हाला वाटलं, माणूस गप्पिष्ट दिसतोय. पुढच्या आठवड्यात विभागाच्या दारावर वेळापत्रकाच्या शेजारी आणखी एक कागद लागला, शेतीच्या लाईटीचा. त्या काळी एक आठवडा वीज दिवसा यायची, एक आठवडा रात्री. दिवसाची लाईट असली की निम्मी पोरं उसाला पाणी द्यायला शेतात, वर्ग ओस. रात्रीची असली की पोरं वर्गात हजर, पण डोळे मिटलेले. सरांनी अख्खा अभ्यास त्या कागदाला बांधला. नवीन, अवघड ते कधी घ्यायचं, हाताने करायचं ते कधी, सगळं त्यावरून ठरलं. प्राचार्यांनी विचारलं, हे काय चिकटवलंय? सर म्हणाले, "सर, ह्येच खरं टाईमटेबल हाय. ते दुसरं आपल्या समाधानाला."

विद्यापीठाने नेमलेलं पुस्तक जाडजूड होतं. ते बदलणं सरांच्या हातात नव्हतं, पण कशाला किती दिवस द्यायचे हे होतं. हिमनदीचं प्रकरण आलं तेव्हा ते म्हणाले, "ही तुमच्या वाटंत येत न्हाई. पेपरापुरतं मी लिहून देतो. कवा आली रस्त्यात तर मला हाक मारा." असं करत निम्मं पुस्तक त्यांनी दोन दुपारींत उरकलं आणि आम्हाला वर्षभराचा मोकळा वेळ मिळाला. वर्षभराचा वेळ! आता पाठ्यक्रम 'पूर्ण' करताना धापा टाकते, तेव्हा मला त्या श्रीमंतीची आठवण येते.

त्या वेळात काहील आली. केडगावकडच्या कुठल्याशा गुऱ्हाळावर काठाशी भोक पडलं म्हणून टाकून दिलेली. टेम्पोतून उतरवताना चार पोरं आणि आमची मैत्रीण सुनंदा, अशी पाच जणं लागली. सुनंदा रेल्वे कॉलनीतली, तिच्या वडिलांचं काम सांध्यांवर गाड्यांचे रूळ बदलायचं, आणि ती अंगाने दणकट. कडुनिंबाखाली काहील टेकवली, तिच्यात भीमेची वाळू ओतली, तांब्याने वरून पाणी सोडलं आणि आमच्या डोळ्यांसमोर नदी तयार झाली. खरी नदी! आधी सरळ धावणारी, मग खडा आडवा आला की वळणारी, एका काठाची वाळू खाऊन दुसऱ्या काठाला नेऊन ठेवणारी. पाणी भोकातून खाली बादलीत पडायचं. त्या बादलीला आम्ही उजनी म्हणायचो. बादली भरली की कुणीतरी हमखास ओरडायचं, "उजनी भरली, दारं उघडा!"

आणि वास! त्या लोखंडात वर्षानुवर्षांचा गूळ मुरलेला होता. ऊन लागून वाळू तापली आणि तिच्यावर पाणी पडलं की सगळ्या आवारात ताज्या गुळाचा वास सुटायचा. अर्थशास्त्राचा तास सोडून पोरं खिडकीत येऊन उभी राहायची. मुंग्यांना तर आमंत्रणच होतं. त्या काठाकाठाने वारूळ करून राहायच्या. आम्ही त्यांना नदीकाठची गावं म्हणायचो. नदीने वळण बदललं की ती गावं आपला बाडबिस्तरा उचलून पलीकडे जायची. पूररेषा म्हणजे काय हे मला पुस्तकाने नाही, त्या मुंग्यांनी शिकवलं.

तिथेच आमच्या शेवटच्या दिवसाची तयारी हळूहळू चालली होती, आणि ती तयारी आहे हे आम्हाला कळतही नव्हतं. नियम असा होता की दिवसाच्या लाईटीमुळे किंवा पाळीमुळे जो चुकला, त्याला आलेल्यांपैकी एकाने शिकवायचं. सरांनी नाही. माझ्या वाट्याला नेहमी संपत यायचा. रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल, अंगाला तो कारखान्याचा वास. तो ऐकता ऐकता झोपला तर चूक त्याची नाही, सांगणाऱ्याची, हाही नियमच. पहिल्या वेळी तो बसल्या बसल्या असा घोरायला लागला की सुनंदाने त्याच्या डोक्यावर उजनी रिकामी केली. मी रडवेली झाले. सर आले आणि दोनच गोष्टी बोलले. ते कधीही दोनच बोलायचे, एक जमलेली आणि एक सुधारायची. "पाण्याचं बोललीस ते बेस बोललीस. पर पायाकडं बघून सांगतीस, बेटा. जमीन समोर हाय."

पुढच्या वेळी मी वाळूकडे बघून बोलले. संपत जागा राहिला, निदान बराच वेळ.

ऑक्टोबरची उन्हं तापली तेव्हा सरांनी काहिलीच्या एका कडेला वाळूऐवजी काळी माती भरली, तिच्यात मीठ मिसळलं आणि पाणी सोडून तसंच तुंबू दिलं. त्याला बाहेर पडायला वाट ठेवली नाही. काही दिवसांनी मातीवर पांढरा थर आला. सुनंदाने बोट लावून चाटलं आणि थुंकली. आम्ही सगळ्यांनी मग आळीपाळीने चाटून पाहिलं. कालव्याचं पाणी शेतात अती झालं आणि निचरा नसला की खालचं मीठ वर येतं, जमीन पांढरी पडते, मग तिच्यात काही उगवत नाही. एवढंच. पण ते आमच्या जिभेला कळलं होतं, त्यामुळे ते विसरायची सोय नव्हती.

हिवाळ्यात गुऱ्हाळं पेटली. सकाळच्या शटलमधून बघावं तर शेतांवर धुराचे पांढरे पट्टे, फाटकाशी उसाच्या बैलगाड्यांची रांग, बैलांच्या गळ्यातले घुंगरू. आम्ही शटलने येणारे त्या सकाळच्या गाडीत आपापली वाट पाठ करायचो. केडगाव सुटलं की गुऱ्हाळं, मग कडेठाणचा काळा पट्टा आणि त्यातलं पांढरं, मग पाटसचा मुरमाड माळ, आणि शेवटी दौंडची नदी. डाव्या हाताला काय, उजव्या हाताला काय, मी ओठांतल्या ओठांत घोकायची. वाक्यं अशी घोटून तयार केली होती की एकदा केडगावचं टोक हाती लागलं की दौंडपर्यंत आपोआप उलगडत जावीत. शेजारच्या बायका म्हणायच्या, पोरगी जप करती जनू.

त्या संध्याकाळी डेमूत बसल्या बसल्या मी सरांना फोन लावला. ते आता निवृत्त, दौंडलाच असतात, आवाज तसाच खणखणीत. काहील आहे म्हटल्यावर पोरासारखे खूश झाले.

"वाळू हाय का आत?"

"पालथी पडलीय सर. वर फडकी वाळत घातलीत."

"घालू दे. उन्हाला कामाला आली," ते म्हणाले आणि हसले.

मग मी माझं रडगाणं गायलं. मी शिरूरला शिकवते, पहिल्या वर्षासाठी माती आणि पाण्यावर नवा अभ्यासक्रम तयार करायचाय, छापील तक्त्यात पहिल्याच रकान्यावर अडलेय, सुरुवात कुठून करू कळत नाही.

"पोरं कुठनं येत्यात तुझी?"

निम्मी कारखान्यांत पाळीवर जाणारी, एवढं माहीत होतं. कुठून, कशाने, काय उरकून येतात, ते मी कधी विचारलंच नव्हतं.

"मग तक्ता बाजूला ठिव," सर म्हणाले. "उद्या जाऊन पहिलं त्ये इचार." आणि एकदम थांबून म्हणाले, "तुझा शटलचा दिवस आठवतो का गं?"

आठवतो का म्हणजे!

मार्च लागला होता. हरभरा निघालेला, खिडकीतून येणारा वारा कोरडा आणि गरम. परीक्षा ठरली होती दुपारच्या शटलला, कॉलेज सुटल्यावर, दौंडहून केडगावकडे. परवानगी वगैरे कुणी काढली नव्हती. पास सगळ्यांकडे होते, एवढं पुरे. सुनंदाची परीक्षा आदल्या दिवशी झाली होती. ती रेल्वेची पोरगी, तिने रुळांखालच्या खडीपासून सुरुवात केली, हा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, आपण सगळे लाव्ह्यावरून चाललोय म्हणाली. समोरचा फौजी दचकून म्हणाला, "आता गार आहे ना तो?" झालं, पास!

माझ्या दिवशी आधी संपत, पाटसपर्यंत, आणि पाटसपासून केडगावपर्यंत मी. सर दाराच्या दांड्याला धरून उभे, तोंड बाहेर, जणू आमची ओळखच नाही. गाडी सुटली. संपतने घसा साफ केला आणि शेजारच्या दूधवाल्याला म्हणाला, "मामा, ह्या उजव्या हाताला बघा, मुरूम कसा लाल दिसतोय."

मामाने उजवीकडे पाहिलं. उजवीकडे नदी होती.

"कुटं हाय मुरूम?" मामा म्हणाले.

संपत गोंधळला. मग टाळी वाजवून ओरडला, "सर! प्रश्न आला! पास!"

अख्खा डबा हसला, सरांची पाठ हसून गदगदत होती. मलाही हसू फुटलं, आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. संपतने, मी, आम्ही शटलवाल्या सगळ्यांनीच वर्षभर सकाळच्या गाडीत घोकलं होतं. घरून दौंडकडे. आणि परीक्षा उलट्या गाडीत होती, दौंडहून घराकडे! डावं ते उजवं झालं होतं, शेवटचं ते पहिलं झालं होतं. माझं केडगावचं टोक प्रवासाच्या पार शेवटी होतं. तोंडचं पाणी पळालं. पाटस आलं, संपत उतरताना मला अंगठा दाखवून गेला, गाडी हलली आणि माझ्या मनात एकही वाक्य शिल्लक नव्हतं.

समोर एक बाई बसल्या होत्या. दौंडच्या बाजारात भाजी विकून परत चाललेल्या. रिकामी पाटी मांडीवर, कपाळाला मोठं कुंकू, पदर डोक्यावर, गालात पान. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी तोंड उघडलं, मिटलं. परत उघडलं. सर वळून बघत नव्हते, बघणारही नव्हते.

त्या जिकडे बघत होत्या तिकडे मीही पाहिलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. बाहेर माळ होता, लालसर, मधूनच बाभळी.

"मावशी," मी म्हणाले, "ह्यो माळ बघा कसा हाय. पाणी टाकलं तर दम धरत न्हाई, खाली निघून जातं."

माझं मलाच नवल वाटलं. हे माझ्या घोटलेल्या वाक्यांपैकी नव्हतं. ती सगळी पुस्तकी होती, ही भाषा म्हशींच्या शाळेतली होती. बाईंनी मान हलवली नाही, पण नजर माळावरच ठेवली. मग मी पुढचं बोलले. माळ कुठे संपतो, माती काळी कुठे होते, ती काळी का, तिला भेगा का पडतात. कालव्याचा पट्टा आला, ऊस आला. जे समोर येई ते मी सांगत गेले, आणि ते सगळं मला येत होतं! काहिलीत बघितलेलं, चाटलेलं, संपतला जागं ठेवून सांगितलेलं. कडेठाणजवळ उसाच्या मधेच ते पांढरं वावर आलं. मी सांगितलं की हे मीठ कुणी आणून टाकलेलं नाही, ते खालीच होतं. पाणी जास्त झालं, त्याला जायला वाट राहिली नाही, म्हणून ते वर आलं. माझा आवाज डब्याच्या खडखडाटाच्या वर चढला होता. पलीकडच्या बाकावरचे लोक गप्पा थांबवून ऐकत होते. मला असा आनंद झाला होता की तो अजून सांगता येत नाही. आपण बोलतोय, आणि जमीन सरकत सरकत आपल्याला पुढचा शब्द देतेय!

पण बाईंनी प्रश्न विचारला नाही. पान चघळत, पाटीच्या कडेवर बोट फिरवत त्या नुसत्या ऐकत राहिल्या. कडेठाण आलं, गेलं. गुऱ्हाळांचा गोड धूर खिडकीतून आत आला, केडगावचा बोर्ड आला, गाडी थांबली. मी सांगायचं तेवढं सगळं सांगून संपवलं होतं. आणि प्रश्न नव्हता.

मी फलाटावर उतरले. सर माझ्यामागून उतरले. मला वाटलं, आता दोन गोष्टी सांगतील, एक जमलेली, एक सुधारायची. पण ते कपाळाला हात लावून हसत होते.

"माझंच चुकलं, बेटा. मी ऱ्हायला दौंडला. माझी गाडी कायम दौंडातनं सुटती. तुमची केडगावातनं सुटती, ह्ये माझ्या ध्यानातच आलं न्हाई. कोर्स तुमच्या ठेसनापासनं आखायला पायजे व्हता, मी माझ्या ठेसनापासनं आखला." मग हसू आवरून म्हणाले, "सगळ्यांची परीक्षा परत घ्यू. सकाळच्या गाडीला. रडू नगंस."

"मी न्हाई रडत," मी रडत म्हणाले.

एवढ्यात मागून पाटीचा आवाज आणि त्याहून मोठा आवाज आला. "ए पोरी! आगं ए!"

त्या मावशी. पदर घसरलेला, पाटी कमरेला, चेहरा लाल. तरातरा चालत त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"माझं कडेठाण गेलं की गं तुझ्यापायी! मी तिथली. आता माघारी गाडी कवा, आन् मी घरी जायची कवा? घरी सैपाक कोन करील, तू?"

सरांनी पुढे होऊन सांगितलं की परतीची गाडी थोड्या वेळात आहे, मी स्वतः तुम्हाला बसवून देतो. पण त्यांचं सरांकडे लक्षच नव्हतं. त्या माझ्याकडेच बघत होत्या, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"त्ये पांढरं वावर दावलंस ना तू मगाशी, बांधावर बोरीचं झाड हाय त्ये? आमचंच हाय त्ये." त्यांनी पाटी खाली ठेवली. "त्ये परत काळं व्हतं का गं?"

सरांनी फलाटावरच्या बाकावरची आपली पिशवी उचलली आणि आम्हा दोघींसाठी जागा केली.

"व्हतं की," मी म्हणाले. "टायम लागतो, पर व्हतं. बसा मावशी, सांगते."